स्पष्टवक्ता मंत्री सर्गेई विट्टे

१८८८ सालच्या शरद ऋतूतील गोष्ट. रशियाचा सम्राट झार तिसरा अलेक्झांडर आपल्या कुटुंबासह साम्राज्याच्या दक्षिण भागात प्रवास करीत होता. त्याची शाही आगगाडी म्हणजे रुळांवरून धावणारा राजवाडाच होता. गाडीचे डबे लांबलचक व अतिशय जड होते. ते ओढण्यासाठी मालगाडीची दोन अवजड एंजिने जोडलेली असत. वेग मात्र हलक्या उतारू गाडीचा ठेवलेला असे. राजधानीतील अधिकाऱ्यांनी आखून दिलेले वेळापत्रक वाटेतील रेल्वे कंपन्या निमूटपणे पाळीत असत. झारच्या इच्छेपुढे तोंड उघडण्याची कोणाची छाती होती?

नैर्ऋत्य रेल्वेच्या हद्दीत मात्र वेगळाच प्रकार घडला. त्या रेल्वेचे व्यवस्थापक सर्गेई विट्टे यांनी ते वेळापत्रक पाहिले, आकडेमोड केली आणि गाडीचा वेग कमी करावयास लावला. झारला हा उशीर रुचला नाही. इतर रेल्वेमार्गांवर कोणीही वेग कमी केला नाही, मग येथेच का, असे त्याने रागाने विचारले. तेव्हा विट्टे यांनी जवळच उभ्या असलेल्या दळणवळण मंत्र्याला, झारच्या कानांवर पडेल अशा स्पष्ट आवाजात सांगितले, की इतरांनी वाटेल ते करावे, आपण मात्र सम्राटांचा जीव धोक्यात घालणार नाही. हे उत्तर ऐकून झार अधिकच नाराज झाला व निघून गेला.

पुढे परतीच्या प्रवासात, आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे २९ ऑक्टोबर १८८८ रोजी, दुसऱ्या एका रेल्वेमार्गावर खारकोव्हजवळील बोरकी या ठिकाणी ती शाही गाडी भर वेगात असता रुळांवरून घसरली. डबे एकमेकांवर आदळून चक्काचूर झाले. वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. झार व त्याचे कुटुंब भोजनाच्या डब्यात बसले होते. त्या डब्याचे छप्पर कोसळले, तरी ते सर्वजण सुदैवाने बचावले. चौकशीत विट्टे यांना तज्ज्ञ म्हणून पाचारण करण्यात आले. दोन जड एंजिने आणि न पेलणारा वेग हेच अपघाताचे कारण होय, असा निर्वाळा त्यांनी दिला. झारला त्या स्पष्टवक्त्या व्यवस्थापकाची आठवण झाली. कटू असले तरी खरे बोलणारा हा माणूस आपल्या दरबारी हवा, असे त्याच्या मनाने घेतले.

सर्गेई विट्टे यांचा जन्म २९ जून १८४९ रोजी कॉकेशस पर्वताच्या प्रदेशातील तिफ्लिस या शहरी झाला. हे शहर आज तिबिलिसी या नावाने ओळखले जाते व ते जॉर्जिया देशाची राजधानी आहे. विट्टे यांचे वडील सरकारी अधिकारी होते. आईचे घराणे मोठे विद्याव्यासंगी होते. थिऑसॉफिकल सोसायटीच्या एक संस्थापिका व १८७९ साली मुंबईस येऊन राहिलेल्या मॅडम ब्लाव्हाट्स्की या विट्टे यांच्या मावसबहीण होत.

विट्टे यांचे उच्च शिक्षण काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा शहरातील विद्यापीठात झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय. १८७० साली त्यांनी पदवी संपादन केली. आपण प्राध्यापक व्हावे, आयुष्यभर गणितात रमून जावे, अशी त्यांची मनीषा होती. परंतु वडिलांच्या निधनानंतर घरची सुबत्ता ओसरली होती. शेवटी त्यांनी ओडेसाच्या रेल्वेत नोकरी पत्करली. तेथे मोठ्या खुर्चीवर बसण्यापूर्वी त्यांनी सर्व कामे खालपासून शिकून घेतली. कधी तिकिटे विकली, कधी मालाच्या नोंदी ठेवल्या, कधी लहानशा स्थानकावर राहून गाड्यांची ये-जा सांभाळली. विद्यापीठातील गणित अशा रीतीने रुळांवर उतरले.

या नोकरीत त्यांना एक दारुण अनुभवही आला. १८७५ च्या डिसेंबरात ओडेसा मार्गावर तिलिगुल येथे दुरुस्तीसाठी रूळ काढण्यात आला होता. पण येणाऱ्या गाडीला धोक्याची खूण दाखविण्याची दक्षता कोणी घेतली नाही. हिमवादळातून सैन्यात नव्याने भरती झालेल्या तरुणांची गाडी आली आणि बांधावरून खाली कोसळून पेटली. कित्येक तरुण दगावले. वाहतुकीचे प्रमुख म्हणून विट्टे यांच्यावरही जबाबदारी येऊन त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. पुढे तुर्कस्तानाशी झालेल्या युद्धात त्यांनी सैन्याची वाहतूक उत्तम प्रकारे केली, म्हणून ती शिक्षा कमी करण्यात आली. रेल्वेच्या कामात लहानशा हलगर्जीपणाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते, हे त्यांनी अगदी जवळून पाहिले होते. शाही गाडीच्या वेगापुढे मान न तुकविण्याचे बळ त्यांच्या अंगी होते, त्यामागे हा अनुभवही होता.

बोरकीच्या अपघातानंतर १८८९ साली झारने विट्टे यांना राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे बोलावून अर्थखात्यातील रेल्वेविभागाचे प्रमुख नेमले. रेल्वे कंपनीत त्यांना मिळणारा पगार सरकारी पगारापेक्षा कितीतरी अधिक होता. ती तूट काही अंशी भरून काढण्यासाठी झारने स्वतःच्या खाजगी खजिन्यातून रक्कम देण्याचे मान्य केले. १८९२ च्या प्रारंभी विट्टे दळणवळण मंत्री झाले आणि त्याच वर्षी ते अर्थमंत्रीही झाले. तिकिटे विकणारा तरुण बावीस वर्षांत एका अवाढव्य साम्राज्याच्या तिजोरीचा रखवालदार झाला.

त्या काळी रशिया आकाराने प्रचंड, पण उद्योगधंद्यांत मागासलेला होता. बहुसंख्य लोक शेतकरी होते. शेती जुन्या पद्धतीची, कारखाने थोडे आणि रस्ते वाईट. जो देश लोखंड, कोळसा व यंत्रे यांत मागे राहील, तो उद्या बलाढ्य शेजाऱ्यांपुढे टिकणार नाही, असे विट्टे यांचे ठाम मत होते. म्हणून त्यांनी परदेशांतून भांडवल आणले. १८९७ साली रूबल या रशियन नाण्याला सोन्याचा आधार देऊन त्याची पत वाढविली. कीव्ह, वॉर्सा व सेंट पीटर्सबर्ग येथे तंत्रशिक्षणाच्या मोठ्या संस्था उभारल्या. कारखान्यांतील कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा कायदाही १८९७ साली झाला. १८९० साली रशियात सुमारे तीस हजार किलोमीटर लांबीचे लोहमार्ग होते. दहा वर्षांनी ते पन्नास हजार किलोमीटरांच्या वर गेले.

या सर्व कार्यांत सायबेरियाच्या लोहमार्गाचे महत्त्व विशेष आहे. युरोपातील रशियापासून पॅसिफिक महासागरापर्यंत पसरलेला सायबेरिया म्हणजे घनदाट अरण्ये, विशाल नद्या व हाडे गोठविणारी थंडी यांचा प्रदेश. तो ओलांडण्यास घोड्यांच्या गाड्यांतून व घसरगाड्यांतून महिनेच्या महिने लागत. १८९१ साली युवराज निकोलस हा हिंदुस्थान, जपान इत्यादी देशांचा प्रवास करून व्लादिव्होस्टोक बंदरी पोहोचला आणि तेथे त्याच्या हस्ते या लोहमार्गाचा पाया घातला गेला. परंतु केवळ पाया घालून मार्ग पुरा होत नाही. त्यासाठी पैसा उभा करणे, सामान पोहोचविणे व कामाला सतत चालना देणे, हा भार विट्टे यांनी उचलला. शेतकरी, सैनिक व कैदी अशा हजारो मजुरांनी बर्फात व दलदलीत खपून रूळ टाकले. बैकल सरोवर वाटेत आडवे आले, तेव्हा बर्फ फोडीत जाणाऱ्या बोटीवर आगगाडीचे डबे चढवून पलीकडे नेण्याची व्यवस्था झाली. मॉस्कोपासून पूर्व समुद्रापर्यंतचा सुमारे नऊ हजार किलोमीटरांचा प्रवास आता दोन आठवड्यांच्या आसपास आला.

तथापि या प्रगतीची दुसरी बाजूही होती. कर्जाचे व्याज फेडण्यासाठी परदेशी धान्य पाठवावे लागे. काडेपेटी, साखर, रॉकेल अशा नित्याच्या वस्तूंवर कर बसत व त्यांचा भार गरीब शेतकऱ्यांवरच पडे. दारूविक्रीची मक्तेदारी सरकारने स्वतःकडे घेतली होती व त्या उत्पन्नावर तिजोरी भरत होती. कारखान्यांची धुराडी वाढली, पण खेड्यातील झोपडीत फारसा उजेड पडला नाही. स्वतः विट्टे हे गर्विष्ठ व महत्त्वाकांक्षी होते. त्यांचे बोलणे रांगडे असे आणि दरबारी रीतिरिवाज त्यांना साधत नसत. त्यामुळे त्यांचे शत्रूही पुष्कळ झाले.

१८९४ साली तिसऱ्या अलेक्झांडरचा मृत्यू झाला व दुसरा निकोलस गादीवर आला. नवा झार स्वभावाने सौम्य होता. पण कटू सत्य ऐकण्याची त्याला गोडी नव्हती. दरबारातील काही मंडळींनी त्याला पूर्वेकडे राज्यविस्तार करण्याची भुरळ घातली. चीनच्या मांचुरिया प्रांतातून लोहमार्ग नेण्याचा करार १८९६ साली विट्टे यांनीच घडवून आणला होता. तेव्हा त्या वाटेवरील पहिले पाऊल त्यांचेही होते. परंतु १८९८ साली रशियाने पोर्ट आर्थर हे चिनी बंदर घेतले, त्याला त्यांनी विरोध केला. पुढे मांचुरियातून सैन्य काढून घेण्यास टाळाटाळ होऊ लागली आणि कोरियाच्या सीमेवरही हात पसरण्याचे बेत रचले जाऊ लागले. या मार्गाने गेल्यास जपानशी युद्ध होईल, असा इशारा विट्टे यांनी दिला. झारला तो आवडला नाही. १९०३ साली त्यांना अर्थमंत्रिपदावरून दूर करून मंत्रिसमितीचे अध्यक्ष करण्यात आले. हे पद दिसण्यात मोठे, पण अधिकारशून्य होते.

१९०४ च्या फेब्रुवारीत जपानशी युद्ध पेटलेच. सायबेरियाचा लोहमार्ग एकेरी होता आणि बैकल सरोवराला वळसा घालणारा भाग तयार झाला नव्हता. भर हिवाळ्यात गोठलेल्या सरोवराच्या बर्फावर रूळ टाकून घोड्यांकरवी डबे ओढून नेण्याची पाळी आली. पोर्ट आर्थर पडले. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियाचे आरमार बुडविले. आशियातील एका देशाने युरोपातील बलाढ्य साम्राज्याला नमविले, ही वार्ता ऐकून पारतंत्र्यात असलेल्या हिंदुस्थानातही नवा उत्साह संचारला.

इकडे रशियात असंतोष धुमसत होता. २२ जानेवारी १९०५ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे हजारो कामगार आपली गाऱ्हाणी घेऊन राजवाड्याकडे निघाले असता सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या व शंभराहून अधिक माणसे मारली गेली. हा अनर्थ टाळावा, अशी विनंती करण्यासाठी आदल्या रात्री काही लेखक व नागरिक विट्टे यांच्याकडे गेले होते. परंतु ही बाब आपल्या अधिकारात नाही, असे सांगून त्यांनी त्या मंडळींना अंतर्गत मंत्र्याकडे जाण्यास सुचविले. सत्ता नसलेल्या पदावरील माणूस त्या रात्री काही करू शकला नाही.

अखेर युद्ध थांबविणे भाग पडले. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मध्यस्थी केली. रशियाच्या वतीने तहाची बोलणी करण्याचे अवघड काम इतरांनी नाकारले, तेव्हा झारने नाइलाजाने विट्टे यांना पाठविले. ज्या युद्धाला त्यांनी विरोध केला, त्याचाच शेवट गोड करण्याची कामगिरी त्यांच्या वाट्यास आली. अमेरिकेत ते वर्तमानपत्रांच्या प्रतिनिधींशी मोकळेपणाने बोलत आणि सामान्य लोकांत मिसळत. एका प्रवासानंतर त्यांनी आगगाडीच्या चालकाशी हस्तांदोलन करून त्याचे आभार मानले, याचे अमेरिकन लोकांना फार कौतुक वाटले. रेल्वेत उमेदवारी केलेल्या या मंत्र्याला त्यात विशेष असे काही वाटले नसावे.

पोर्ट्समथ या गावी जपानचे परराष्ट्रमंत्री कोमुरा यांच्याशी त्यांची बोलणी झाली. जपानने युद्धाच्या खर्चापोटी मोठी रक्कम मागितली. ती देण्यास विट्टे यांनी ठाम नकार दिला. ५ सप्टेंबर १९०५ रोजी तह झाला. रशियाने पोर्ट आर्थर व साखालिन बेटाचा दक्षिण भाग सोडला, पण युद्धखंडणी द्यावी लागली नाही. पराभूत देशाला इतक्या सौम्य अटी मिळाव्यात, हे जगाला नवल वाटले. झारने विट्टे यांना काउंट ही पदवी दिली. त्यांच्या शत्रूंनी मात्र त्यांना अर्ध्या साखालिनचा काउंट असे कुत्सित नाव ठेवले.

ते मायदेशी परतले तेव्हा तेथे संपाचा वणवा पसरत होता. ऑक्टोबर १९०५ मध्ये देशभर सार्वत्रिक संप झाला. ज्या लोहमार्गांसाठी विट्टे जन्मभर झटले, तेच निश्चल पडले. राजधानीपासून जवळच असलेल्या पीटरहॉफच्या राजवाड्यात झारला भेटण्यासाठी मंत्र्यांना आगबोटीने जावे लागे. विट्टे यांनी झारपुढे परिस्थिती आडपडदा न ठेवता मांडली. आता दोनच मार्ग उरले होते : एक, सर्व सत्ता एका सेनानीच्या हाती देऊन बंड चिरडणे, दुसरा, लोकांना हक्क देऊन त्यांच्या प्रतिनिधींना कारभारात वाटा देणे. आपला सल्ला दुसऱ्या मार्गाचा आहे, असे त्यांनी सांगितले.

झार अनेक दिवस दोलायमान होता. शेवटी ३० ऑक्टोबर १९०५ रोजी त्याने जाहीरनाम्यावर सही केली. त्यानुसार प्रजेला भाषण, सभा व धर्म यांचे स्वातंत्र्य मिळाले आणि ड्यूमा नावाच्या लोकप्रतिनिधींच्या सभेच्या संमतीवाचून कोणताही कायदा होणार नाही, असे वचन देण्यात आले. शतकानुशतके एकट्या झारच्या इच्छेने चालणाऱ्या रशियात ही फार मोठी घटना होती. विट्टे हे नव्या मंत्रिमंडळाचे पहिले अध्यक्ष, म्हणजे एका अर्थी रशियाचे पहिले पंतप्रधान झाले.

परंतु त्यांना कोणाचाच विश्वास लाभला नाही. दरबारी मंडळींना ते झारची सत्ता कमी करणारे वाटत. सुधारणावाद्यांना दिलेले हक्क अपुरे वाटत. डिसेंबरात मॉस्कोत उठाव झाला व तो तोफांनी मोडून काढण्यात आला. त्या कठोर दडपशाहीचा डागही त्यांच्या कारकीर्दीला लागला. १९०६ च्या वसंतात त्यांनी फ्रान्सकडून फार मोठे कर्ज मिळवून रिकामी तिजोरी सावरली. हे काम उरकताच त्यांना पद सोडावे लागले. त्यानंतर काही दिवसांनी, १० मे १९०६ रोजी पहिल्या ड्यूमाचे अधिवेशन भरले, तेव्हा ते मंत्री नव्हते.

१९०७ च्या प्रारंभी लोकसत्तेच्या कट्टर विरोधकांनी त्यांच्या घराच्या धुराड्यांत बाँब सोडून त्यांचे प्राण घेण्याचा प्रयत्न केला. पण ते बाँब वेळीच सापडले. निवृत्तीच्या काळात विट्टे यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या. त्या जप्त होतील या भीतीने त्यांनी हस्तलिखित परदेशात सुरक्षित ठेवले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा हे युद्ध रशियाचा सर्वनाश करील, असे त्यांनी पुन्हा बजावले. या खेपेसही कोणी ऐकले नाही. १३ मार्च १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी अधिकाऱ्यांनी लगेच त्यांच्या घरातील कागदपत्रांचा शोध घेतला, पण ते हस्तलिखित त्यांच्या हाती लागले नाही. पुढे दोनच वर्षांनी, मार्च १९१७ मध्ये, युद्धाने खचलेल्या रशियात क्रांती झाली व दुसऱ्या निकोलसला सिंहासन सोडावे लागले. विट्टे यांच्या आठवणी १९२१ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या.

विट्टे हे निर्दोष पुरुष नव्हते. त्यांच्या धोरणांचे ओझे गरिबांनी वाहिले आणि सत्तेचा मोह त्यांनाही सुटला नव्हता. तरीही भर दरबारात अप्रिय सत्य उच्चारण्याचे धैर्य त्यांच्या ठायी होते. एका झारने अपघातानंतर का होईना, त्या सत्याचे मोल ओळखले. दुसऱ्याने ते सांगणाऱ्यालाच दूर सारले. रुळावरील धोका दाखविणारा माणूस प्रवाशांना अप्रिय वाटतो, कारण त्याच्यामुळे गाडीचा वेग कमी होतो. परंतु गाडी मुक्कामाला सुखरूप पोहोचावी, असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याच्या हातातील लाल कंदिलाकडे पाठ फिरवून चालत नाही.